सूट वेफरसाठी, तुमच्यासाठी नाही
(क्लीनरूममध्ये, म्हणजे हवेतले सूक्ष्मकण गाळून काढलेल्या प्रयोगशाळेत, नव्याने काम सुरू करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान, संपादित स्वरूपात)

काल ओळखीच्या तासाला तुमच्यापैकी एकीने विचारलं, "मॅडम, तो पांढरा सूट घातला की ॲसिड अंगावर उडालं तरी काही होत नाही ना?" ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पण विचारलंस ते फार बरं केलंस. असा समज मनात ठेवून वर्षभर काम केलेली माणसं मी पाहिली आहेत. आजचं माझं सगळं बोलणं त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

तो सूट तुमच्या रक्षणासाठी शिवलेलाच नाही. तुमच्यापासून वेफरचं, म्हणजे ज्यावर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या पातळ चकतीचं, रक्षण करण्यासाठी तो शिवलाय. क्लीनरूममधली सर्वांत घाण गोष्ट म्हणजे आत शिरणारा माणूस. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा मिनिटाला लाखभर सूक्ष्मकण सोडतो असं धरतात, आणि तोच भराभर चालायला लागला की आकडा पन्नास लाखांच्या घरात जातो. त्वचेचे पापुद्रे, कपड्यांचे तंतू, थुंकीचे शिंतोडे, पावडर. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. हवेच्या स्वच्छतेच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवरच्या आयएसओ 5 वर्गाच्या खोलीत एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे कण 3,520 पर्यंतच चालतात. साध्या खोलीत ते काही कोटी असतात. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपण ज्या कणाबद्दल बोलतोय तो डोळ्यांना दिसण्याचा प्रश्नच नाही.

मग ही हवा स्वच्छ राहते कशी? 1960 च्या सुमाराला स्वच्छ खोल्या होत्या, पण त्यांत हवा घुसळत राहायची. कितीही पुसा, व्हॅक्यूम करा, उडालेला कण गोल गोल फिरून परत कामावर येऊन बसायचा. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतल्या विलिस व्हिटफील्ड या भौतिकशास्त्रज्ञाने साधा विचार केला: हवेलाच झाडू करू. छतभर फिल्टर लावायचे, तिथून हवा संथ, सरळ रेषेत खाली सोडायची आणि जमिनीतून बाहेर काढायची. 1964 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आजही आपण त्याच कल्पनेवर काम करतो. आपल्याकडे हवेचा वेग सेकंदाला साधारण 0.45 मीटर ठेवलेला आहे. अंगाला झुळूक जाणवेल न जाणवेल इतकाच.

इतका संथ प्रवाह मोडायला काय लागतं? एक झटकन केलेली हालचाल. दार धाडकन उघडणं. किंवा मी जे केलं ते.

माझ्या सुरुवातीच्या काळात फोटोरेझिस्टचा, म्हणजे प्रकाश पडला की बदलणाऱ्या द्रवाचा, थर देताना वेफरवर धूमकेतू दिसायला लागले. धूमकेतू म्हणजे एक बारीक ठिपका आणि तिथून कडेकडे गेलेली शेपटी. वेफर गरगर फिरत असताना मध्ये कण आला की द्रव त्याला वळसा घालून पुढे जातो, आणि मागे ती शेपटी उरते. मी रेझिस्टची बाटली बदलली. सिरिंजचा फिल्टर बदलला. छतातल्या फिल्टरची तपासणी करून घेतली. तीन आठवडे गेले. शेवटी काचेबाहेर उभ्या असलेल्या एका सहकाऱ्याने मला काम करताना पाहिलं आणि म्हणाला, "तू दर वेळी वाकून बघतेस." थेंब टाकल्यावर तो नीट पसरला का ते बघायला मी वेफरवर वाकत होते. छतातून आलेली निर्मळ हवा आधी माझ्या डोक्यावर, मास्कवर आदळायची आणि मग माझ्या अंगावरचं सगळं घेऊन वेफरवर उतरायची. दुसऱ्या दिवसापासून मी एक पाऊल मागे उभी राहून तिरकं बघायला लागले. धूमकेतू थांबले.

म्हणून माझं पहिलं सांगणं: फिल्टरमधून निघालेली हवा सर्वांत आधी तुमच्या नमुन्याला लागली पाहिजे. मध्ये हात नको, बाही नको, बाटलीचं झाकण नको.

गाऊनिंगबद्दल, म्हणजे हे कपडे चढवण्याबद्दल, थोडक्यात सांगते, बाकी तुम्ही करून शिकाल. वरून खाली यायचं: टोपी, मास्क, हूड, सूट, बूट, शेवटी हातमोजे. सूट घालताना बाह्या आणि पाय मुठीत गोळा करून धरायचे, म्हणजे ते जमिनीला लागत नाहीत. इथे घाई केली की सगळं व्यर्थ. कपडे चढवायच्या खोलीतल्या बाकापलीकडे जाताना बूट चढवलेला पायच स्वच्छ बाजूला टेकायचा. हातमोज्याची कड बाहीच्या वर. आत पेन्सिल नाही, साधा कागद नाही, पुठ्ठ्याचं खोकं तर नाहीच. सिगारेट ओढून लगेच आत येऊ नका, श्वासातून बराच वेळ कण बाहेर पडत राहतात.

आणि मोजे घातले म्हणजे हात स्वच्छ झाले असं मानू नका. मोज्याने चष्मा वर सरकवला, की त्या क्षणापासून तो चेहऱ्याला लागलेला मोजा आहे. 1960 च्या दशकात मॉस ट्रान्झिस्टरचं, म्हणजे चिपमधल्या विजेच्या सूक्ष्म स्विचचं, वागणं दिवसागणिक बदलायचं, कारण ऑक्साइडच्या थरात सोडियमचे आयन सरकत असायचे. आपल्या घामातल्या मिठात तोच सोडियम असतो.

पुसण्याचीही रीत आहे. वाइपची, म्हणजे पुसायच्या कापडाची, घडी करा, एकाच दिशेने ओढा, प्रत्येक ओढीला घडीची नवी बाजू घ्या. गोल गोल पुसणं म्हणजे घाण पसरवणं.

आता एक गोष्ट, जी मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या ठिकाणी एकाच अनोळखी स्त्रीचा डीएनए सापडला. 2007 मध्ये हाइलब्रॉन शहरात एका पोलीस महिलेचा खून झाला, तिथेही तोच. पोलीस वर्षानुवर्षं तिच्या मागावर होते. 2009 मध्ये उलगडा झाला: अशी गुन्हेगार नव्हतीच. नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यात तयार होत, तिथल्या एका कामगार स्त्रीचा तो डीएनए होता. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या. पण निर्जंतुक करण्याने जंतू मरतात, डीएनए तिथेच राहतो. पाकिटावर "निर्जंतुक" वाचलं की आपण निर्धास्त होतो. कशापासून स्वच्छ, हा प्रश्न प्रत्येक पाकिटाला विचारायची सवय लावून घ्या. आणि रोजच्या कामात एक कोरा नमुना सोबत चालवा, ज्यात काहीच घातलेलं नाही. त्यात काही दिसलं तर ते तुम्हीच आणलेलं आहे.

आता सूट आणि ॲसिडच्या त्या प्रश्नाकडे परत. हेपा, म्हणजे छतातला बारीक कण गाळणारा फिल्टर, 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवतो. पण तो कण अडवतो, वाफ नाही. आणि क्लीनरूममधली बरीचशी हवा तीच तीच फिरत असते. म्हणजे तुम्ही ॲसिटोनची बाटली टेबलावर उघडली, तर ती वाफ फिल्टरमधून जशीच्या तशी परत खोलीत येते. रसायन उघडायचं ते वेट बेंचवरच, म्हणजे वाफ बाहेर ओढून नेणाऱ्या रसायनांच्या टेबलावरच. ज्या बाकावर हवा समोरून तुमच्या तोंडावर येते तिथे नमुना सुरक्षित असतो, तुम्ही नाही. घातक द्रव्य तिथे कधीच नको. नायट्राइल रबराचे पातळ हातमोजे ॲसिटोनसमोर काही मिनिटांतच हार मानतात. आम्ल हाताळताना सूटवरून वेगळा ॲप्रन, जाड मोजे, चेहऱ्यावर शील्ड. ही संरक्षणाची वेगळी व्यवस्था आहे, तिचा त्या पांढऱ्या कापडाशी संबंध नाही.

हायड्रोफ्लुओरिक आम्लाबद्दल नीट ऐका. ते काच खातं म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत असतं. सौम्य द्रावण त्वचेवर पडलं तर त्या वेळी दुखतही नाही, कधी कधी काही तासांनी दुखायला लागतं. तोवर फ्लुओराइड आत शिरून शरीरातलं कॅल्शियम पकडत असतं, आणि प्रमाण जास्त असेल तर हृदयाची लय बिघडते. एकदा एका मुलाच्या मनगटावर थेंब पडला आणि तो काम संपेपर्यंत आतच राहिला. का, तर बाहेर पडलं की पुन्हा गाऊनिंगला पंधरा मिनिटं जातील, आणि वेफर अर्धवट होता. त्या रात्री त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. मनगट बरं झालं, पण मला त्याचं ते कारण अजून छळतं, कारण ते आम्हीच शिकवलं होतं. हळू चाला, वरचेवर बाहेर जाऊ नका, सूट जमिनीला लावू नका. इतकं सांगितलं, पण हे नियम कधी मोडायचे ते सांगितलं नव्हतं.

ते आज सांगते. त्वचेवर आम्ल, आग, वायूचा अलार्म, यांपैकी काहीही झालं की खोलीची स्वच्छता संपली. बूट घालूनच पळा, दारं उघडा, सूट फाडून काढावा लागला तरी काढा. खोली पुन्हा स्वच्छ करायला दोन दिवस लागतील, ते आम्ही बघू. तुम्हाला कोणी बोलणार नाही. हायड्रोफ्लुओरिक असेल तर आधी पाच मिनिटं वाहत्या पाण्याखाली, मग कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल चोळत राहायची, आणि दुखो न दुखो, दवाखाना. सोबत एक जण जाईल, बाटलीवरचं नाव लिहून घेऊन.

ती जेलची ट्यूब वेट बेंचच्या डाव्या हाताला, पिवळ्या पेटीत आहे. सोमवारी आत गेल्यावर प्रत्येकाने ती पेटी स्वतः उघडायची आणि ट्यूबवरची तारीख मला मोठ्याने वाचून दाखवायची. त्यानंतर आपण वेफरला हात लावू.