आजीची पिशवी अन् गाईचं दावं

(दृश्य: पहाट. मांजरा नदीचं पात्र. काठच्या बाभळीला उंचावर अडकलेला कडबा.)

चक्रीवादळ म्हणलं की आपल्या डोळ्यापुढं समुद्र येतो, वाकलेली नारळाची झाडं येतात. लातूर-बीड-धाराशिवकडं कुणाला विचारलं तर म्हणतील, समुद्र कुठं अन् आपण कुठं. पण २६ सप्टेंबर २०२१ ला आंध्रच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ गुलाब नावाचं चक्रीवादळ धडकलं, जमिनीवर आल्यावर त्याचा वारा पडला, जोर ओसरला, पण पाणी पोटातच घेऊन ते तेलंगणातून इकडं सरकलं आणि दोन दिवसांत मराठवाड्यावर असं कोसळलं की मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले. नंतर तेच पुढं अरबी समुद्रात उतरलं, पुन्हा वादळ झालं, शाहीन नाव घेऊन ओमानला गेलं. म्हणजे वादळाला आपलं गाव वाटेतच लागतं. आपल्याकडं ते वारा म्हणून येत नाही, पाणी म्हणून येतं, एवढाच फरक.

माझ्या आजीचं गाव ह्याच नदीच्या काठाला. त्या रात्री पाणी गावठाणात शिरायला लागलं तेव्हा काकानं आजीला उठवलं, आई चल, तर ती म्हणली, "पाऊस पडायलाय तर पडू दे की, मी कुठं जाऊ ह्या गुडघ्यांनी?" तास गेला. परत उठवलं. मग तिनं खरं काय ते सांगितलं, "गाय बांधलीय रे, तिचं दावं कोण सोडील?"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. आपण म्हणतो म्हातारी माणसं हट्टी असतात, ऐकत नाहीत. ती हट्टी नसतात, त्यांचा जीव कशाततरी अडकलेला असतो आणि ते आपण विचारत नाही.

काकानं आधी गोठा गाठला, गाय-वासरू सोडून वरच्या वाटेला लावलं, आणि आजी गपचूप उठली. चालवत तर नव्हतं, म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलून तिला शाळेत नेलं. तोवर रस्त्यावर मांडीपर्यंत पाणी. खरंतर वाहतं पाणी वीतभर असलं तरी धडधाकट माणसाचा पाय उचलतं, हे तर मांडीइतकं होतं, त्यामुळं ते कसे पोचले ते तेच जाणोत.

(दृश्य: शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसलेली माणसं.)

शाळेत पोचल्यावर कळलं की बीपीच्या गोळ्या घरी देवळीतच राहिल्या. चष्मापण तिथंच. सकाळी डॉक्टर आले, विचारलं कोणती गोळी चालू आहे, आजी म्हणली ती पांढरी, बारकी. पांढऱ्या बारक्या गोळ्या शंभर असतात. आमच्या घरात शिकलेली सात माणसं, पण एकालाही त्या गोळीचं नाव माहीत नव्हतं. मलापण नाही. तीन दिवस ती गोळीशिवाय होती.

जगात सगळीकडं हेच होतं. अमेरिकेत २००५ साली ऑगस्टमध्ये कॅटरिना हरिकेन आलं (हरिकेन म्हणजे चक्रीवादळच, फक्त त्या समुद्रात त्याला तसं म्हणतात), तेव्हा लुईझियाना राज्यात जी माणसं गेली त्यातली जवळपास निम्मी पंचाहत्तरी ओलांडलेली होती. एवढा पैसेवाला देश, गाड्या, रस्ते सगळं होतं, तरी म्हातारी माणसंच मागं राहिली. आणि तिथंपण कितीतरी लोक कुत्र्या-मांजरांना सोडून निघायला तयार नव्हते, इतके की पुढच्याच वर्षी, २००६ ला, तिथल्या संसदेनं कायदा केला की माणसं हलवायच्या प्लॅनमध्ये पाळलेल्या जनावरांचाही विचार झालाच पाहिजे. आपल्याकडं कुत्र्याच्या जागी गाय आहे, शेळी आहे, बाकी गोष्ट तीच. म्हणून माझं म्हणणं असं आहे की म्हातारीला वाचवायचं तर सुरुवात गोठ्यातून करा. जनावरं कोण सोडणार आणि कोणत्या उंचवट्याला नेणार, हे पावसाळ्याआधी ठरलेलं पाहिजे, नावानिशी ठरलेलं, "कुणीतरी बघेल" असं नाही.

(दृश्य: माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं जुनं घर. भिंतीवरून पाण्याचे ओघळ.)

आता घराचं बघा. आपल्याकडं अजून कितीतरी म्हातारी माणसं माळवदाच्या घरात राहतात, पोरं शेजारी सिमेंटच्या घरात आणि आईवडील जुन्या घरात, कारण उन्हाळ्यात तिथं गारवा असतो. पण दोन-तीन दिवस झड लागली की वरची माती पाणी पिऊन जड होते आणि खालच्या मातीच्या भिंती आतून मऊ पडतात. भिंतीला पोट आलं, दार एकाएकी घट्ट बसायला लागलं, वरून माती झिरपायला लागली, की रात्र त्या घरात काढायची नाही. पाऊस उघडला म्हणून लगेच परतही जायचं नाही, ओली भिंत नंतरपण पडते.

हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की गडी माणसं अजून मोबाईलवर बघत बसतात, रेड आल्यावर उठतात. म्हाताऱ्या माणसाला मात्र ऑरेंजलाच हलवायचं, दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्यानं. ज्याला चालायला दुप्पट वेळ लागतो त्यानं आधी निघायचं, साधं गणित आहे.

(दृश्य: खुंटीला टांगलेली पिशवी. हात ती उघडतात.)

ही आजीची पिशवी. निदान आठवड्याच्या गोळ्या, आणि चिठ्ठीवर गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरात, फोटो पोरांच्या मोबाईलमध्ये वेगळा. जुना चष्मा. कवळीची डबी. टॉर्च. पिण्याच्या पाण्याची बाटली अन् ओआरएसची पाकिटं, कारण पुरात सगळीकडं पाणीच पाणी असतं आणि पिण्याजोगं नसतं, अन् म्हातारी माणसं सारखं बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी प्यायचंच टाळतात, शाळेत तर जास्तच. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक प्लास्टिकमध्ये गुंडाळून. शुगर असेल तर इन्सुलिन. बहुतेक इन्सुलिनची फोडलेली बाटली फ्रीजबाहेर साधारण २८ दिवस चालते, फक्त ऊन लागू द्यायचं नाही आणि ३० डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही, आपल्या बाटलीचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. ऑक्सिजनच्या मशीनवर असलेलं माणूस घरी असेल तर त्याला लाईट जायच्या आधीच तालुक्याला न्या, वाट बघूच नका.

पिशवीच्या पट्ट्याला कापडी चिठ्ठी शिवलीय. ११२ मदतीला, १०८ ॲम्ब्युलन्सला, १०७७ जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला, १४५६७ ज्येष्ठांच्या हेल्पलाईनला, आणि सगळ्यात वर शेजारच्या पोराचा नंबर. पहिला हाकेच्या अंतरावरचाच येतो.

(दृश्य: गोठा. आजी गाईजवळ उभी.)

यंदा मृगाच्या आधी गावी गेलो तर आजीनं मला हाताला धरून गोठ्यात नेलं. म्हणली, हे बघ. आधी गाईला निरगाठीनं बांधायचे, ओली झाली की दोन माणसांनाही सुटायची नाही. आता तिनं स्वतः सुरगाठ मारलीय. मला म्हणली, कॅमेरा चालू आहे का तुझा? आणि एका हातात काठी तशीच ठेवून दुसऱ्या हातानं दाव्याचं टोक ओढलं.

गाय मोकळी झाली, अन् उभ्या उभ्याच आजीकडं बघायला लागली.