कात्रजचा नळ

(दृश्य: सकाळ. फडके हौद चौकातली वर्दळ.)

फडके हौद चौकात कुणालाही थांबवून विचारा, हौद कुठे आहे? बहुतेक जण चौकच दाखवतील. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं पत्ता सांगताना पुणेकरांच्या तोंडी आजही सहज येतात. या नावांत एकेकाळी पाणी होतं, आणि ते यायचं कात्रजहून.

(दृश्य: कात्रजचा तलाव.)

१७५० च्या आसपासची गोष्ट. पुण्याची वस्ती वाढत होती, मुठेच्या पाण्यावर भागेना. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या ओढ्यावर बांध घालून तलाव करवले. वरच्या तलावात गाळ खाली बसायचा आणि निवळलेलं पाणी खालच्या तलावात उतरायचं. तिथून दगड-विटांचा, चुन्यात बांधलेला बंदिस्त नळ निघाला तो थेट शनिवारवाड्यापर्यंत. त्याला नळ म्हणायचं खरं, पण काही ठिकाणी माणूस आत उतरून चालत जाईल एवढा तो मोठा आहे. एवढ्या लांबून पाणी आलं ते निव्वळ उताराच्या जोरावर. उतार थोडा जास्त झाला असता तर पाण्यानं बांधकाम पोखरलं असतं, कमी पडला असता तर नळ गाळानं भरला असता. तो बरोबर साधणाऱ्या गवंड्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत, याची मला फार खंत वाटते.

(दृश्य: उच्छ्वास, जवळून.)

हा उच्छ्वास. नळाच्या वाटेवर असे दगडी मनोरे ठिकठिकाणी उभारले होते. आत कोंडलेली हवा इथून बाहेर पडे. सांध्यातला चुना बघा, आणि त्यात मूळ धरून बसलेलं पिंपळाचं रोप. आज ते हातानं उपटता येईल, पण चार पावसाळ्यांनी तेच दगड फोडून काढील.

(दृश्य: फुले वाडा, गंज पेठ.)

पाणी सार्वजनिक होतं, असं आपण सहज म्हणतो. पण हौदावर घागर बुडवायचा हक्क सगळ्यांना नव्हता. अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना दूर उभं राहावं लागे. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हा हौद त्यांच्यासाठी खुला केला. पुण्याचा वारसा दाखवायला कुणी पाहुणा आला, तर मी शनिवारवाड्याआधी त्याला इथे आणतो. वारसा सार्वजनिक होतो तो कसा, ते या काठावर उभं राहिलं की कळतं.

(दृश्य: जुन्या पेठेतली विहीर.)

पुढे खडकवासल्याचं पाणी आलं आणि हौद मागे पडले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासल्याचंही. घरोघरचे नळ कोरडे पडले, तेव्हा पुणेकर पुन्हा जुन्या आड-विहिरींकडे आणि हौदांकडे वळले.

(दृश्य: इमारतीच्या पायासाठी खणलेला खड्डा.)

आता या नळाला धोका आहे तो पाया खणणाऱ्या यंत्रांचा. जमिनीखालचं दिसत नाही, म्हणून ते नसल्यासारखंच धरलं जातं. नळ कुठून कुठे जातो, ते शहराच्या नकाशावर ठळक रेघेनं यायला हवं, आणि त्या रेघेवर कुदळ पडण्याआधी कुणीतरी आत उतरून बघायला हवं. पाणी अजून वाहत असेल तर त्याचा आवाज वरपर्यंत येतो.

(दृश्य: उच्छ्वासाचं तोंड. निवेदन थांबतं. फक्त पाण्याचा आवाज.)