दोन पदव्या, चार वर्षं: जोड पदवीचं गणित

श्रोतेहो, नमस्कार.

आर्ट्सची पदवी तीन वर्षांची, बिझनेसची तीन वर्षांची. एकापाठोपाठ एक केल्या तर सहा वर्षं लागतात. जोड पदवी म्हणून एकत्र घेतल्या की अनेक विद्यापीठांत चार वर्षांत दोन्ही पदरात पडतात. मग मधली दोन वर्षं गेली कुठे? माहितीपत्रकात 'वेळेची बचत' असं छापलेलं असतं, ते खरंच आहे. पण ही बचत कशातून होते ते तिथे क्वचितच सांगतात, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथेच असतं.

ऑस्ट्रेलियात ही पद्धत चांगली रुळली आहे, म्हणून तिथलं उदाहरण घेऊ. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात साधारण विषय ६ क्रेडिट पॉइंटांचा असतो. तीन वर्षांच्या एकेरी पदवीला १४४ पॉइंट, म्हणजे २४ विषय. चार वर्षांच्या जोड पदवीला १९२ पॉइंट, म्हणजे ३२ विषय. दोन्ही पदव्या वेगवेगळ्या केल्या असत्या तर ४८ विषय झाले असते. म्हणजे १६ विषय गळले. मेजरला, म्हणजे ज्यात खोलवर शिकायचं त्या मुख्य विषयाला, सहसा हात लागत नाही, बिझनेसच्या अनिवार्य विषयांनाही नाही. कात्री लागते ती मुख्यतः ऐच्छिक विषयांना. एकेरी पदवीत 'हेही करून बघू' म्हणायला जी मोकळी जागा असते, तिथे आता दुसरी पदवी येऊन बसलेली असते. त्यामुळे एकेरी पदवीत चुकून घेतलेला विषय ऐच्छिकांच्या खात्यात ढकलता येतो. जोड पदवीत तो कुठल्याच खात्यात बसत नाही. त्याची फी भरावी लागते, तास बसावे लागतात, आणि पदवीच्या दिशेने पाऊल मात्र पडत नाही.

प्रवेशाआधी एक गोष्ट नीट विचारून घ्या: शेवटी हातात प्रमाणपत्रं किती पडणार? जोड पदवीत दोन मिळतात. इंग्लंडमधल्या जॉइंट ऑनर्समध्ये ३६० क्रेडिट दोन विषयांत वाटलेले असतात आणि पदवी एकच असते. मेजर-मायनर ही तिसरीच गोष्ट, त्यात दुसरा विषय मोजक्या पेपरांपुरता असतो. जाहिरातीत या तिन्हींना 'आर्ट्स विथ बिझनेस' म्हणून खपवलेलं दिसू शकतं.

आता विषयांची साखळी. जोड पदवी बिघडते ती सहसा इथेच. फायनान्सचं उदाहरण घ्या. अकाउंटिंगची ओळख आणि संख्याशास्त्र झाल्याशिवाय कंपनी फायनान्स घेता येत नाही. ते झाल्याशिवाय गुंतवणुकीचा विषय नाही, आणि तो झाल्याशिवाय शेवटचा प्रकल्प नाही. चार पायऱ्या, म्हणजे किमान चार सेमिस्टर, तेही प्रत्येक विषय दर सेमिस्टरला शिकवला जात असेल तर. वरच्या वर्गाचे बरेच विषय वर्षातून एकदाच असतात. पहिल्या वर्षी 'आकडेमोड नको, नंतर बघू' म्हणून संख्याशास्त्र मागे ठेवलं, की अख्खी साखळी एक वर्ष मागे सरकते. आर्ट्सच्या बाजूला हाच प्रकार परकीय भाषेत होतो. अगदी मुळाक्षरांपासून भाषा सुरू केली आणि सेमिस्टरला एकच पेपर घेतला, तर सहा पेपरांच्या मेजरला सहा सेमिस्टर लागतात. इतिहासाचे दोन पेपर एकाच सेमिस्टरमध्ये घेता येतात, भाषेचे पहिला आणि दुसरा स्तर एकदम घेता येत नाहीत. तेव्हा पहिल्या सेमिस्टरच्या चार विषयांत संख्याशास्त्र किंवा अकाउंटिंग हवंच, आणि भाषा घ्यायची असेल तर तीही. बाकीचे दोन तुमच्या आवडीने ठरवा.

विषयांचा तक्ता शेवटाकडून उलटा मांडावा. आठव्या सेमिस्टरचा प्रकल्प आधी लिहा, त्याच्या आधी काय लागतं ते सातव्यात किंवा सहाव्यात टाका, असं करत पहिल्यापर्यंत या. प्रत्येक विषयापुढे तो कुठल्या सेमिस्टरला असतो हे लिहा. मग पहिल्या स्तराचे विषय मोजा. कारण एकूण किती प्राथमिक विषय चालतील यावर अनेक विद्यापीठांत मर्यादा असते, आणि दोन पदव्यांची सुरुवात एकदम झाल्यामुळे ती इथे चटकन गाठली जाते.

आर्ट्सच्या बाजूला कुठला विषय घ्यावा? अर्थशास्त्राचं आकर्षण मोठं, कारण ते दोन्हीकडे चालतं. पण तोच पेपर दोन्हीकडे मोजतात की नाही, हे नियमावर अवलंबून असतं. नियम नसेल तर एकाच बाजूला मोजला जातो आणि दुसरीकडे त्याऐवजी वेगळा पेपर घ्यावा लागतो. मोजला गेला तरीही मला ही निवड फारशी पटत नाही. बिझनेसपासून जितकी लांबची विचारपद्धती असेल, मग ती इतिहास असो, तत्त्वज्ञान असो वा भाषा, तितकं या पदवीचं चीज होतं.

ते कसं, हे एका प्रश्नावर पाहू. संग्रहालयाने प्रवेश मोफत करावा का? तिकीट १० चं धरा, चलन कुठलंही असो. वर्षाला १,००० लोक येतात आणि आतल्या दुकानात प्रत्येक जण सरासरी ३ खर्च करतो. उत्पन्न झालं १३,०००. प्रवेश मोफत केला, गर्दी १,५०० झाली, तर दुकानातून ४,५०० येतील. तूट ८,५००, म्हणजे प्रत्येक पाहुण्यामागे सुमारे ५.७ चं अनुदान. बिझनेसचा अहवाल इथे येऊन थांबू शकतो: अनुदान मिळतंय का ते बघा, नाहीतर तिकीट ठेवा. इतिहास किंवा समाजशास्त्र शिकलेला विद्यार्थी मात्र विचारतो, वाढलेले ५०० कोण? पूर्वी कधीच न आलेले, की नेहमीचेच लोक दुसऱ्यांदा आलेले? बेरीज दोन्ही वेळी तीच येते, निर्णय मात्र बदलतो. हा प्रश्न पुस्तकी नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहालयांनी कायमस्वरूपी दालनांचा प्रवेश २००१ च्या अखेरीस सर्वांना मोफत केला, आणि त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी प्रयोगकलांबद्दल दाखवलं होतं की चौघांची वाद्यरचना वाजवायला आजही चौघंच लागतात, पण बाहेर उत्पादकता वाढल्याने त्यांचं वेतन मात्र वाढत जातं. म्हणून कलासंस्थांचा खर्च चढतो, आणि अनुदानाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. दोन्ही विद्याशाखा इथे खऱ्या अर्थाने एकमेकींना भेटतात.

रोजच्या अभ्यासात मात्र त्या भेटत नाहीत, भांडतात. बिझनेसमध्ये दर आठवड्याला गणितं, लहान चाचण्या, गटकाम. आर्ट्समध्ये आठवडेच्या आठवडे नुसतं वाचन, आणि मग एकदम मोठा निबंध. त्यामुळे सेमिस्टरच्या मध्यावर चाचणी आणि पहिला निबंध एकाच आठवड्यात येतात, आणि शेवटी गटाचं सादरीकरण आणि मोठा निबंध. दोन्ही विभाग एकमेकांना विचारून तारखा लावत नाहीत. पहिल्याच आठवड्यात चारही विषयांच्या तारखा एका कागदावर उतरवा आणि निबंधाची स्वतःची तारीख खऱ्या तारखेच्या दहा दिवस आधी धरा. युरोपीय क्रेडिट पद्धतीत पूर्णवेळ वर्ष ६० क्रेडिटचं, म्हणजे १,५०० ते १,८०० तासांचं धरतात. वीस आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये ते आठवड्याला साधारण ३८ ते ४५ तास होतात. सोबत नोकरी किती तासांची झेपेल, ते यावरून ठरवा.

लिहिण्याची रीतही वेगळी. बिझनेसच्या अहवालात निष्कर्ष आणि शिफारस पहिल्या पानावर हवी, निबंधात ती पुराव्यांनी गाठत जायची असते. निबंधासारखा लिहिलेला अहवाल 'मुद्दा कुठे आहे?' या शेऱ्यासह परत येतो. आणि ठिपक्यांच्या यादीत मांडलेला निबंध 'युक्तिवाद नाही' म्हणून गुण गमावतो.

परदेशातल्या सेमिस्टरसाठी आर्ट्सचे पेपर राखून ठेवा. बिझनेसचे अनिवार्य पेपर बाहेर करून मान्य करून घेणं कटकटीचं असतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या हंट्समन प्रोग्राममध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यास आणि व्हार्टन या तिथल्याच बिझनेस स्कूलचं शिक्षण जोडलं आहे, तिथे परकीय भाषा आणि परदेशी सेमिस्टर अभ्यासक्रमातच गुंफलेलं आहे. इतरत्र ही मोट स्वतःच बांधावी लागते. जाण्यापूर्वी प्रत्येक पेपर कशाच्या बदल्यात धरणार, हे दोन्ही विद्याशाखांकडून लेखी घ्या.

अकाउंटिंगच्या व्यावसायिक संस्थेचं सदस्यत्व हवं असेल, तर तिची विषययादी प्रवेशाच्या वेळीच बघा. त्या यादीने उरलेसुरले ऐच्छिकही संपतात. मध्येच एक पदवी सोडायची वेळ आली तर बहुधा एकेरी पदवीत जाता येतं. पण दुसऱ्या बाजूचे किती पेपर ऐच्छिक म्हणून धरतात, ते अर्ज करण्याआधी विचारा. सोडायचं असेल तर दुसऱ्या वर्षाच्या आत सोडलेलं बरं, नंतर वाया जाणारे पेपर वाढत जातात. आणि सातवं सेमिस्टर सुरू होण्याआधी दोन्ही विद्याशाखांच्या कार्यालयांकडून काय बाकी आहे याची लेखी तपासणी करून घ्या. एकाच कार्यालयाचं 'सगळं ठीक आहे' ऐकून थांबू नका, त्यांना त्यांच्याच अर्ध्या भागाचं माहीत असतं.

नमस्कार.