आजीचा रुमाल आणि माझा उशीर

सलाम सगळ्यांना. तरुण संघाने मला विषय दिला होता 'दुःखात विश्वास'. मी म्हणलं एवढा मोठा विषय मला झेपायचा नाही, मी आपला माझ्या आजीबद्दल बोलतो, त्यात जेवढा विश्वास येईल तेवढा येईल.

आजी गेली त्या दिवशी मी मीटिंगमध्ये होतो, फोन सायलेंटवर. बाहेर येऊन बघतो तर काकांचे अकरा मिस्ड कॉल आणि शेवटी एक मेसेज, "लवकर ये, आजी तुझं नाव घेतीय." आता पुणे ते नगर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आमचं गाव त्याच्याही पुढे नेवासे तालुक्यात, आणि वाघोलीचं ट्रॅफिक काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पोचलो तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. चपला बघूनच कळलं.

मी तसा पहिल्यापासून उशिराचाच माणूस. आजी मात्र रविवारी पहिली घंटा व्हायच्या आधी चर्चमध्ये जाऊन बसायची, शेजारी माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवायची, आणि मी दुसरी घंटा होऊन, पहिलं गीत होऊन, कधी कधी तर शास्त्रवाचन पण होऊन गेल्यावर मागच्या दाराने यायचो. ती वळून बघायची नाही, नुसता रुमाल उचलायची. पंचवीस वर्षं चाललं हे. आणि शेवटच्या दिवशी पण मी तेच केलं, फक्त या वेळी रुमाल उचलायला ती नव्हती.

मग समाचाराला लोक यायला लागले. आपल्या ख्रिस्ती लोकांची एक गंमत आहे, राग मानू नका, आपल्याकडे सांत्वनाची वाक्यं रेडीमेड असतात. "प्रभूने आपलं फूल खुडून नेलं", "ती चांगल्या ठिकाणी आहे", "रडायचं नाही, आपल्याला आशा आहे." मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी तर मला बायबलमधलं पौलाचं वचनच ऐकवलं, थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय. मी तेव्हा मान डोलावली. नंतर घरी उघडून वाचलं तर पौल रडू नका असं म्हणतच नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं म्हणतो. खेद आहेच, तो कसा करायचा एवढाच प्रश्न. तिथेच मेलेल्यांना तो 'झोपी गेलेले' म्हणतो, आपण पत्रिकेवर छापतो ना 'प्रभूमध्ये निद्रिस्त', ते यातूनच आलंय. आणि इंग्रजीतला सिमेट्री हा शब्द पण मूळ ग्रीक, झोपायची जागा असा त्याचा अर्थ. पण खरं सांगू, माती देताना पेटीवर पहिली मूठ पडली आणि तो आवाज आला, तेव्हा यातलं काही आठवलं नाही.

त्या रात्री भजन झालं. आमच्या आळीत निम्मी घरं माळकरी, ते पण टाळ घेऊन आले. आमची आजी टिळकांची, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं गायची आणि चाली सगळ्या अभंगाच्या, त्यामुळे शब्द नवे असले तरी त्यांना ठेका सापडायला वेळ लागला नाही. टिळक म्हणायचेच की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या रात्री आमच्या ओट्यावर त्या पुलावरून दोन्हीकडची ये-जा चालली होती. मी मात्र गाऊ शकलो नाही, कोपऱ्यात बसून ते अकरा मिस्ड कॉल परत परत बघत होतो.

तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला पाळकसाहेबांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय घेतला. येशू मेलेल्या लाजराला उठवतो ती गोष्ट, आपण शंभरदा ऐकलेली. मी म्हणलं झालं, आता हे पुनरुत्थानावर बोलणार. पण ते पहिल्या पाच-सहा वचनांवरच थांबले. लाजर आजारी आहे असा बहिणींचा निरोप येतो आणि येशू काय करतो, तर आहे तिथेच आणखी दोन दिवस राहतो. बेथानीला पोचतो तोवर लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. तिथे पण समाचाराला आलेली माणसं, यरुशलेमेहून, जेमतेम तीन किलोमीटरवरून. मार्था वाटेतच गाठून म्हणते, प्रभूजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरिया येते, ती पण शब्दाला शब्द तेच म्हणते. म्हणजे दोघी बहिणी चार दिवस घरात तेच बोलत बसल्या असणार, हे आपल्या घरात होतं तसंच.

मला एकदम दरदरून घाम आला. कारण ते वाक्य गेले तीन दिवस मी स्वतःला म्हणत होतो, तू इथे असतास तर.

आणि मग ते वचन, मराठीत फक्त दोन शब्दांचं: येशू रडला. पाच मिनिटांनी तो लाजराला हाक मारून बाहेर काढणार आहे, हे त्याला माहिती आहे, आणि तरी रडतो. बरं, त्याला ही आशा नव्हती असं कोण म्हणेल? मी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो, सगळ्यांसमोर, काकू पाणी घेऊन धावल्या. सगळं एकदम बरं वाटलं असं नाही, ती साक्ष द्यायला मी इथे उभा नाही. येशूचा उशीर आणि माझा उशीर सारखा नव्हे, तो मुद्दाम थांबला होता, मी फोन बघितला नव्हता. पण उशीर झालेल्या माणसाला कबरेपाशी जागा असते, एवढं मला त्या दिवशी कळलं.

आजीचं शास्त्र, म्हणजे तिचं बायबल, आता माझ्याकडे आहे. कव्हर सुटलेलं, खुणेला एसटीची तिकिटं. स्तोत्र तेवीस तिला पाठ होतं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." मी कॉलेजला असताना, जरा डोकं फिरलं होतं तेव्हा, तिला म्हणलं होतं, आजी, बहात्तरच्या दुष्काळात तू खडी फोडायला जायचीस, सुकडी खाल्लीस, अमेरिकेची ती लाल मिलो ज्वारी खाल्लीस, आणि वर म्हणतेस काही उणं पडलं नाही? ती ज्वारी निवडत होती. म्हणली, "पडलं की. लई पडलं. पर हे म्हनायचं सोडलं असतं तर आनखी एक उणं झालं असतं." आणि परत निवडायला लागली. मला तेव्हा वाटलं होतं की हे काय उत्तर झालं.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. रविवारी लवकर निघालो तरी दुसरी घंटा झालीच. मागच्या दाराने आत शिरलो, आजीच्या जागेकडे नजर गेली तर तिथे रुमाल टाकलेला. क्षणभर पोटात गोळाच आला. शेजारच्या काकूंनी टाकला होता, त्यांच्या नातवासाठी. तो अजून आला नव्हता. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, गीत चालू होतं, पहिलं कडवं होऊन गेलं होतं, दुसऱ्यापासून म्हणायला लागलो.