राजगृह ते यशवंत भवन : बाळासाहेब आंबेडकर

दादरच्या हिंदू कॉलनीतलं हे राजगृह, बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलेलं घर. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले तेव्हा त्यांचा थोरला नातू प्रकाश, म्हणजेच बाळासाहेब, जेमतेम अडीच वर्षांचा होता, म्हणजे आजोबा नीट आठवतील असं वयच नव्हतं. वडील यशवंत ऊर्फ भैय्यासाहेब, ज्यांनी चैत्यभूमीच्या स्तूपासाठी खस्ता खाल्ल्या, तेही १९७७ मध्ये गेले. पोरगा तेव्हा २३ वर्षांचा.

एवढं मोठं आडनाव असलं की लोक मान देतात हो, पण मतं मिळतीलच असं नाही. १९९० ते ९६ बाळासाहेब राष्ट्रपतीनियुक्त खासदार म्हणून राज्यसभेत होते, पण त्यांचं खरं राजकारण घडलं ते मुंबईपासून लांब, विदर्भातल्या अकोल्यात. नुसत्या बौद्ध मतांवर सीट निघत नाही हे त्यांनी ओळखलं आणि माळी, धनगर, बंजारा अशा ज्यांना कुणी तिकीटच देत नव्हतं त्या समाजातली माणसं सोबत घेतली, झेडपीपासून उभी केली, यालाच पुढं सगळे अकोला पॅटर्न म्हणायला लागले. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच.

१९९८ ला तर कमालच झाली. अकोल्यातून बाळासाहेब, अमरावतीतून रा. सू. गवई, मुंबईतून रामदास आठवले, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार आणि चौघंही ओपन जागेवरून! ती एकी टिकली नाही, याचं आजही वाईट वाटतं. ९९ ला आपल्या भारिप बहुजन महासंघ या पक्षाकडून बाळासाहेब परत जिंकले. तो शेवटचा लोकसभा विजय.

२०१८ मध्ये त्यांची वंचित बहुजन आघाडी आली. २०१९ ला राज्यात ४१ लाखांच्या वर मतं पडली, मित्रपक्ष एमआयएमचे इम्तियाज जलील औरंगाबादमधून निवडून आले, पण स्वतः बाळासाहेब अकोला आणि सोलापूर दोन्हीकडं पडले. २०२४ ला अकोल्यात तिसरे.

जुलै २०२० मध्ये राजगृहावर हल्ला झाला, कुंड्या फोडल्या, काचा फुटल्या. लोक प्रचंड चिडलेले. तेव्हा बाळासाहेबांनी सांगितलं, शांत रहा, राजगृहाजवळ गर्दी करू नका. लोकांनी ऐकलं.

अकोल्यात कृषीनगरला त्यांचं घर आहे, तिथं कार्यकर्त्यांची ये-जा चालू असते. मुंबईतलं घर आजोबांचं, इथल्या घराला मात्र वडिलांचं नाव आहे, यशवंत भवन.