कांदा, चहा आणि हृदय

श्रोतेहो, नमस्कार.

नेदरलँड्समध्ये झुत्फेन नावाचं शहर आहे. तिथल्या 65 ते 84 वयाच्या 805 पुरुषांचा आहार 1985 मध्ये नोंदवला गेला आणि पुढं पाच वर्षं त्यांची प्रकृती पाहिली गेली. 1993 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष आला: ज्यांच्या आहारात फ्लेव्होनॉइड्स जास्त, त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू कमी. ही द्रव्यं त्यांना मिळत होती ती मुख्यतः काळा चहा, कांदा आणि सफरचंदातून. रोजचंच खाणं हो!

फ्लेव्होनॉइड्स हा पॉलिफेनॉल्स नावाच्या वनस्पतिजन्य रसायनांचा एक मोठा गट. ऊन, कीड, बुरशी यांपासून बचावासाठी वनस्पती ती तयार करतात. जांभळाचा रंग त्यांचाच; आवळ्याचा तुरटपणा मात्र टॅनिन्स या दुसऱ्या पॉलिफेनॉल्सचा. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, वाहिनी सैलावते आणि रक्त सहज वाहतं. धूम्रपान, मधुमेह, वाढतं वय यांनी हे अस्तर दुबळं होतं. कोको आणि चहातली काही पॉलिफेनॉल्स त्याला बळ देतात, असं प्रयोगांत दिसलंय. बरीचशी तर लहान आतड्यात शोषलीच जात नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती फोडतात, मग त्यातले काही घटक रक्तात पोचतात.

मग कॅप्सूलच का घेऊ नये? अमेरिकेत 21 हजारांहून अधिक ज्येष्ठांवर कोकोच्या अर्काची चाचणी झाली, 2022 मध्ये तिचा निकाल आला. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू कमी दिसले, पण झटके, पक्षाघात वगैरे सगळं एकत्र धरलं तर ठोस म्हणावी अशी घट नव्हती. एवढ्यावर कुणी महागडी बाटली घ्यावी, असं मला मुळीच वाटत नाही. आणि झुत्फेनबद्दलही एक लक्षात ठेवू या: फळं खाणारी माणसं इतर बाबतींतही प्रकृती जपत असतील.

तरी स्वयंपाकघरात करण्यासारखं बरंच आहे. कांद्यातलं क्वेर्सेटिन हे फ्लेव्होनॉइड बाहेरच्या पापुद्र्यांत जास्त असतं. कोरडी साल काढा, पण तिच्याखालचा लालसर थर टाकू नका. पांढऱ्या कांद्यात ते फारच कमी. कांदा शिजवताना ते पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी रश्श्यातच राहू द्या. नाचणीची पॉलिफेनॉल्स कोंड्यात असतात, तेव्हा पीठ फार बारीक चाळू नका. रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका.

नमस्कार.