१०१ चा डाग

अमेरिकेतील ओक्लाहोमाच्या उत्तर भागात, सॉल्ट फोर्क नदीजवळ, रस्त्यालगत काही पाये तेवढे शिल्लक आहेत. मिलर कुटुंबाची ‘१०१ रँच’, म्हणजे गुरे पाळण्याची विस्तीर्ण जागा, येथे होती. ऐन भरात तिचा पसारा सुमारे १ लाख १० हजार एकरांचा होता. मात्र त्यातील मोठा हिस्सा पोंका आणि शेजारच्या इतर मूलनिवासी जमातींकडून भाडेपट्ट्याने घेतलेला होता, ही गोष्ट मिलरांच्या कौतुकात बहुधा मागे पडते.

केंटकीहून आलेल्या कर्नल जॉर्ज वॉशिंग्टन मिलर यांनी १८९३ मध्ये येथे बस्तान बसवले, तेव्हा त्यांचे पहिले घर म्हणजे नदीकाठच्या जमिनीत खोदलेला निवारा होता. १९०३ मध्ये ते वारले आणि कारभार जो, झॅक व जॉर्ज या तीन मुलांकडे आला. गुरांवर ‘१०१’ हा डाग देणे, फासा टाकून वासरू धरणे, अंगावर कोणाला बसू न देणारा घोडा वठणीवर आणणे, ही या गुराख्यांची रोजची कामे होती. ती पाहण्यासाठी लोक पैसे मोजतील, हे या भावांनी हेरले. ११ जून १९०५ रोजी त्यांनी रँचवरच भरवलेल्या खेळांना सुमारे ६५ हजार माणसे लोटली. त्या दिवशी सरकारच्या कैदेत असलेल्या अपाचे जमातीच्या नेत्याला, जेरोनिमोला, पहाऱ्यात आणून त्याच्याकडून एक बायसन (तिथला रानगव्यासारखा प्राणी) मारवण्यात आला. रोडिओच्या, म्हणजे गुराख्यांच्या कसरतींच्या खेळांच्या, इतिहासातील हा प्रसंग आज वाचताना अवघडल्यासारखे होते.

या रँचचे खरे देणे मात्र बिल पिकेट यांचे. १८७० मध्ये टेक्सासमध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय गुराख्याने, राखणीचे कुत्रे उधळलेल्या जनावराचा ओठ दातांत धरून त्याला कसे जागीच थोपवतात, हे पाहिले होते. धावत्या घोड्यावरून ते बैलावर झेप घेत, शिंगे पकडून त्याची मान पिळत, नाकपुड्या वर आल्या की त्याचा ओठ दातांत धरत आणि मग हात सोडून देऊन स्वतःच्या अंगभाराने त्याला आडवा पाडत. वर्णभेदामुळे अनेक ठिकाणी त्यांना स्पर्धेत उतरू दिले जात नसे, म्हणून कधी कधी त्यांची ओळख मूलनिवासी अशी करून दिली जाई. दातांचा भाग पुढे गळून पडला, पण घोड्यावरून झेपावून बैलाला लोळवण्याचा हा प्रकार आजही रोडिओत मानाचा आहे.

खेळांचा ताफा गावोगाव फिरू लागला आणि १९१४ मध्ये लंडनलाही पोहोचला. तेथे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने त्यांचे बरेचसे घोडे ताब्यात घेतले. घरी मात्र १९११ पासून तेलाचा पैसा येऊ लागला होता. १९०९ च्या आगीनंतर नव्याने बांधलेल्या तीन मजली पांढऱ्या घरात पाहुण्यांची ऊठबस वाढली, आणि गुरे, शेती, तेल व तमाशा यांतले कोण कोणाला पोसते आहे, हे सांगणे अवघड होऊन बसले. १९२५ मध्ये पुन्हा उभारलेल्या ताफ्याने तोटाच वाढवला. जो १९२७ मध्ये आणि जॉर्ज १९२९ मध्ये गेले. त्यानंतर मंदी आली, तेलाचे भाव कोसळले आणि १९३१ मध्ये ताफा बंद पडला. १९३२ मध्ये रँचवरील सामानसुमानाचा लिलाव झाला, तेव्हा तिघा भावांपैकी एकटा झॅक उरला होता.

त्याच वर्षी घोडा आवरताना डोक्यावर लाथ बसून पिकेट गंभीर जखमी झाले आणि २ एप्रिलला त्यांनी प्राण सोडला. ते पांढरे घर १९४३ मध्ये पाडण्यात आले. पिकेट यांची समाधी मात्र जवळच्या टेकडीवर आहे, पोंकांचे प्रमुख व्हाइट ईगल यांच्या स्मरणार्थ रचलेल्या दगडी स्तंभाशेजारी.